घरांतील पाण्याचें माप : एका लांबलेल्या सुधारणेचा इतिहास

इंग्लंडांतील एखाद्या जुन्या शहरांत, एकास एक लागून बांधलेल्या घरांच्या रांगेंत, एक वृद्ध विधवा एकटीच राहते अशी कल्पना करावी. मुलें आपापल्या संसारास लागून दूर गेलीं आहेत. घर मोठें, माणूस एक. तिला पाणी तें किती लागणार? सकाळचें स्नान, दोन वेळचा चहा, चार भांडीं आणि आठवड्याचे कपडे. परंतु तिला येणारें पाण्याचें बिल मात्र शेजारच्या तशाच घरांत राहणाऱ्या सहा माणसांच्या कुटुंबाइतकेंच असतें. कारण तें बिल पाण्यावर आकारलेलें नसून घरावर आकारलेलें असतें. कोणी तरी तिला सांगतें कीं, कंपनीकडे अर्ज केला असतां मीटर फुकट बसवून मिळतें आणि मग जेवढें पाणी तेवढाच पैसा. ती अर्ज करते. कांहीं आठवड्यांनीं पाहणी करणारा इसम येतो, स्वयंपाकघरांतील मोरीखालीं डोकावतो, फरसबंद वाटेवरील लहानसें लोखंडी झाकण उचलून पाहतो आणि सांगतो कीं, या रांगेंतील चार घरांना मिळून एकच नळ जमिनीखालून आलेला आहे; एका घराचें पाणी वेगळें मोजावें कसें? मग पत्रें जातात, पत्रें येतात, महिने लोटतात आणि जुन्या दराचीं बिलें आपल्या क्रमानें येतच राहतात.

मीटर म्हणजे कांहीं अवजड यंत्र नव्हे. एका हातांत सहज मावेल एवढी ती पितळेची किंवा प्लास्टिकची डबी. ती बसविण्यास एवढा विलंब कां लागावा, असा प्रश्न त्या बाईस पडणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर कंपनीच्या कारकुनाच्या टेबलावर सांपडावयाचें नाहीं. ज्या यंत्राचा शोध १८५० च्या सुमारासच लागला होता, तें इंग्रज गृहस्थाच्या घरांत सर्रास शिरावयास दीडशें वर्षें लागलीं. आणि त्या दीडशें वर्षांत जे नळ जमिनींत पुरले गेले, तेच आज त्या विधवेच्या वाटेंत आडवे आलेले आहेत. मोठा विलंब आणि लहान विलंब यांचें मूळ एकच आहे. तें समजून घेण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

लंडन शहरास नळानें पाणी पुरविण्याचा पहिला मोठा उद्योग ‘न्यू रिव्हर’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ह्यू मिडल्टन या सराफानें हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचें पाणी सुमारें अडतीस मैलांच्या कालव्यानें शहरापर्यंत आणलें आणि १६१३ सालीं तें लंडनांत पोंचलें. पैसा अपुरा पडूं लागला तेव्हां राजा पहिला जेम्स यानें निम्मा खर्च अंगावर घेतला होता. शहरांत हें पाणी एल्म झाडाचीं खोडें पोखरून केलेल्या लाकडी नळांतून वाहत असे आणि त्यांतून शिशाची एक बारीक नळी घरांत घेतली जाई. पाणी अष्टौप्रहर येत नसे. ठराविक दिवशीं ठराविक तास तें सुटे आणि गृहस्थानें तें हौदांत भरून ठेवावें, अशी रीत होती. अशा व्यवस्थेंत पाणी मोजण्याची कल्पनाच कोणास सुचली नाहीं, आणि सुचली असती तरी मोजण्याचें साधन नव्हतें. कंपनी घर पाही, त्याचा आकार पाही, आणि वर्षाची एक रक्कम ठरवून टाकी. लहान घरास थोडी, मोठ्या घरास अधिक. पाण्याचा पैसा घराच्या मानानें, हा नियम अशा रीतीनें प्रथम सोयीपोटीं जन्मास आला.

एकोणिसाव्या शतकांत त्या सोयीला तत्त्वाचें रूप मिळालें. १८३१-३२ सालीं पटकीची पहिली मोठी सांथ इंग्लंडांत आली; १८४८-४९ सालीं दुसरी आली. एडविन चॅडविक यानें १८४२ सालीं कष्टकरी वर्गाच्या आरोग्यस्थितीवर आपला अहवाल प्रसिद्ध करून घाण, दुर्गंधी आणि पाण्याची टंचाई यांचा रोगराईशीं असलेला संबंध लोकांपुढें मांडला. १८५४ सालीं डॉक्टर जॉन स्नो यानें सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशीं रोगाचा माग नेऊन पोंचविला. गरिबाच्या घरीं पाणी भरपूर पोंचलें पाहिजे, कारण त्याच्या घरची रोगराई श्रीमंताचा उंबरठा ओलांडल्याशिवाय राहत नाहीं, हें राज्यकर्त्या वर्गाच्या ध्यानीं आलें. १८४७ सालीं पार्लमेंटानें जलपुरवठ्याच्या कंपन्यांसाठीं एक सर्वसाधारण कायदा केला. त्यांत घरगुती पाण्याची पट्टी त्या वास्तूच्या वार्षिक मूल्याच्या मानानें घ्यावी, असें ठरलें. ज्याचें घर मोठें त्यानें अधिक द्यावें, ज्याचें लहान त्यानें कमी द्यावें, आणि पाणी वापरतांना मात्र कोणीही हात आंखडूं नये, असें या व्यवस्थेचें समर्थन होतें. पैसा वाचावा म्हणून गरीब आईनें मुलास आंघोळ घालावयाची नाहीं, किंवा शौचकूपांत पाणी ओतावयाचें नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या आरोग्यसुधारकांस पाण्याच्या नासाडीपेक्षां शतपट भयंकर वाटत होती.

आणि नेमक्या याच सुमारास मीटर तयार झालें! जर्मनींत जन्मलेला व इंग्लंडांत स्थायिक झालेला एंजिनियर विल्यम सीमेन्स यानें १८५१-५२ च्या सुमारास पाण्याचें मीटर सिद्ध केलें. वाहत्या पाण्याच्या जोरानें आंतलें चक्र फिरावें, आणि चक्राचे फेरे दांत्यांच्या सांखळीनें तबकडीवर उमटावे, ही त्याची योजना. पुढें पोलादाच्या कामांत नांव कमावणाऱ्या या मनुष्याला तरुणपणीं स्थिर उत्पन्न मिळवून दिलें तें या मीटरानेंच. १८५२ सालीं स्कॉटलंडांतील किल्मार्नॉक येथील टॉमस केनेडी यानें निराळ्या तत्त्वावरचें मीटर काढलें. त्यांत एक नळकांडें पाण्यानें भरतें व रिकामें होतें, आणि दट्ट्याच्या प्रत्येक खेपेची नोंद होते. घासाघीस झाली तरी माप चुकूं नये, हा या दुसऱ्या रीतीचा गुण. म्हणजे १८५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच पाणी मोजण्याची विद्या हस्तगत झाली होती.

ही यंत्रें दारूच्या भट्ट्यांत बसलीं, रेल्वेच्या एंजिनांना पाणी देणाऱ्या टाक्यांवर बसलीं, कारखान्यांत बसलीं. घरांत मात्र बसलीं नाहींत. कंपनीचा हिशेब सरळ होता. कारखाना हजारों गॅलन पाणी घेतो, तेथें मीटरची किंमत सहज निघते. घरांतील बादलीभर पाणी मोजण्यासाठीं यंत्र विकत घ्यावें, तें बसवावें, दुरुस्त ठेवावें आणि दर तिमाहीस तें वाचावयास माणूस पाठवावा, एवढा खर्च त्या पाण्याच्या किंमतींतून भरून येणार नव्हता. वरील कारणामुळें आरोग्यसुधारकांनाही मीटर नको होतें. घरमालकाला तर त्याचा विचारच करण्याचें कारण नव्हतें. त्यानें ओळीनें आठ-दहा घरें बांधलीं म्हणजे मुख्य नळापासून एकच नळी घ्यावी आणि घरांच्या मागून ती फिरवून प्रत्येक मोरींत एकेक तोटी काढून द्यावी. यांत त्याचें शिसें वांचे, मजुरी वांचे, आणि पट्टी घराच्या मूल्यावर असल्यामुळें कोणत्या घरानें किती पाणी घेतलें हें विचारणारा कोणी नव्हता. विधवेच्या घराखालून गेलेला तो सामाईक नळ अशाच हिशेबानें जमिनींत गेलेला आहे.

वाद झाले नाहींत असें मात्र नाहीं. ते झाले ते ‘मूल्य’ या शब्दावरून झाले. वार्षिक मूल्य म्हणजे घराचें पूर्ण भाडें, कीं दुरुस्ती वगैरे खर्च वजा जातां उरणारें करयोग्य मूल्य? कंपन्या मोठा आंकडा धरीत, गृहस्थ लहान आंकडा मागत. आर्चिबाल्ड डॉब्ज नांवाच्या एका वकिलानें आपल्या स्वतःच्या बिलावरून ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स कंपनीस न्यायालयांत खेंचलें. रक्कम लहान, पण डॉब्ज चिकाटीचा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें आणि १८८३ सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला. त्यामुळें लंडनच्या गृहस्थवर्गास धीर आला आणि पाण्याच्या गिऱ्हाइकांनीं आपले हक्क राखण्यासाठीं संघ स्थापन केले. पुढें १८९५, १८९६ आणि १८९८ या वर्षीं पूर्व लंडनांत पाण्याचा दुष्काळ पडला. कंपनी म्हणे, लोक पाणी नासतात. लोक म्हणत, कंपनी पाणी देत नाहीं. दोघांपैकीं खरें कोणाचें हें सांगण्यास घरोघरचें माप नव्हतें. शेवटीं १९०२ च्या कायद्यानें मेट्रोपोलिटन वॉटर बोर्ड निर्माण झालें आणि १९०४ सालीं आठ खाजगी कंपन्यांचा कारभार त्याच्या हातीं आला. मालक बदलला, पट्टीचा पाया मात्र घराचें मूल्य हाच राहिला.

पाण्याची नासाडी खरोखर कोठें होते, या प्रश्नाचें एक उत्तर त्यापूर्वींच लिव्हरपूल शहरांत मिळालें होतें. तेथील नगर-एंजिनियर जॉर्ज डीकन यानें १८७३ सालीं असें एक मीटर तयार केलें कीं, तें घराच्या नळावर न बसवितां एका संपूर्ण मोहल्ल्याच्या नळावर बसवावयाचें आणि वाहणाऱ्या पाण्याचा आलेख कागदावर उमटवून घ्यावयाचा. मध्यरात्रीं सर्व लोक झोंपले असतांही जर मीटर पाणी वाहत असल्याचें दाखवीत असेल, तर तें पाणी कोणीही पीत नाहीं. तें गळत आहे, हें उघड. मग रात्रींच माणसांनीं निघावें, रस्त्यावरील झडपांवर कान लावून आवाज ऐकावा आणि गळणारी जागा शोधून काढावी. या रीतीनें गळती बंद केल्यावर, नवें पाणी न आणतांही शहराला सारा दिवस पाणी देणें शक्य झालें. या प्रयोगाचा अर्थ फार मोठा होता. नासाडीचा दोष नेहमीं गृहिणीच्या तोटीकडे नसतो. तो पुष्कळदां जमिनींत पुरलेल्या नळाकडे असतो. घरोघर मीटर न बसविण्याच्या बाजूनें हा एक भक्कम पुरावा ठरला. अन् पुढील शंभर वर्षें तो पुरेसा वाटला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र जुन्या व्यवस्थेचा पाया खचूं लागला. इंग्लंड आणि वेल्समधील घरांचें मूल्यमापन अखेरचें झालें तें १९७३ सालीं. १९७४ सालीं नदीखोऱ्यांप्रमाणें दहा प्रादेशिक जलसंस्था स्थापन झाल्या. १९७६ च्या उन्हाळ्यांत अवर्षण पडून वेल्स आणि डेव्हन भागांतील पुष्कळ लोकांना घरचे नळ बंद ठेवून रस्त्यावरील सार्वजनिक तोटीवरून पाणी भरावें लागलें. पाऊस ज्या देशाच्या विनोदाचा विषय, त्या देशांत पाणी जपून वापरण्याची भाषा प्रथमच गंभीरपणें सुरू झाली. १९८९ सालीं जलसंस्था खाजगी कंपन्यांच्या स्वाधीन झाल्या. त्याच कायद्यानें असें ठरविलें कीं, ३१ मार्च २००० नंतर घराच्या जुन्या मूल्यावर पाणीपट्टी घेतां येणार नाहीं. शिवाय १९९० सालीं इंग्लंडांतील घरगुती घरपट्टीच रद्द झाली आणि मूल्यांची यादी त्या दिवशीं होती तशी गोठून गेली. नंतर बांधलेल्या घरांना मूल्यच नव्हतें. म्हणून त्यांना प्रथमपासून मीटर आलें. जुन्या घरांचें काय करावें, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्यासाठीं १९८९ ते १९९२ या काळांत बारा ठिकाणीं सरकारनें प्रयोग केले. त्यांत आइल ऑफ वाइट या बेटावरील जवळजवळ सर्व घरांना मीटर बसविण्यांत आलें. मीटर आलेल्या घरांत पाण्याचा खप सुमारें एकदशांशानें घटला, असें लहान प्रयोगांत आढळलें. बेटावर आणखी एक गोष्ट दिसून आली. प्रत्येक घराचें पाणी मोजूं लागतांच, मुख्य नळांतून गेलेलें पाणी आणि घरोघर पोंचलेलें पाणी यांच्यांतील अंतर उघडें पडलें आणि जमिनींतील गळती शोधणें सोपें झालें. म्हणजे मीटर हें केवळ गृहस्थावर नजर ठेवणारें यंत्र नसून कंपनीचा हिशेब तपासणारेंही आहे, हें सिद्ध झालें.

परंतु चॅडविकच्या काळची भीति अजून मेली नव्हती. लहान घरांत मोठें कुटुंब, लेंकुरवाळी आई, किंवा ज्या रोग्याला वारंवार अंग धुवावें लागतें असा मनुष्य, यांच्या घरीं मीटर बसलें तर त्यांनीं काय करावें? हा प्रश्न १९९० नंतरच्या वर्षांत पार्लमेंटांत आणि वर्तमानपत्रांत सारखा गाजत होता. कारण याच वर्षांत पाण्याचे दर चढत होते आणि पट्टी थकली म्हणून कांहीं घरांचें पाणी तोडलेंही जात होतें. १९९९ च्या कायद्यानें या सर्वांवर एक तडजोड काढली. घरगुती पाणी पट्टी थकली म्हणून तोडावयाचें नाहीं. जुन्या मूल्याची पद्धत २००० नंतरही चालूं द्यावयाची. ज्याला मीटर हवें त्याला तें कंपनीनें विनामूल्य बसवून द्यावयाचें. न मानवल्यास गृहस्थाला निदान एक वर्षाच्या आंत जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची मोकळीक राहावयाची. आणि ज्या कुटुंबास सरकारी साहाय्य मिळतें व ज्यांत तीन किंवा अधिक मुलें आहेत, किंवा विशिष्ट दुखण्यामुळें पाणी अधिक लागतें, त्याचें बिल सरासरी बिलापेक्षां चढूं द्यावयाचें नाहीं, असेंही नियमानें ठरलें. एप्रिल २००० पासून ही व्यवस्था अंमलांत आली.

आरंभीं कल्पिलेली विधवा अर्ज करते ती याच हक्कानें. हा हक्क भाडेकरूंनाही आहे. सहा महिने वा त्याहून अधिक मुदतीच्या करारानें राहणाऱ्या भाडेकरूस त्यासाठीं घरमालकाची संमति मागावी लागत नाहीं. अर्ज आल्यावर साधारण तीन महिन्यांत मीटर बसावें, अशी अपेक्षा असते. पण मीटर बसविण्यास प्रथम जागा लागते. वाटेवरील झाकणाखालीं त्या घरापुरती स्वतंत्र झडप असेल, तर काम अर्ध्या तासाचें. तशी जागा नसेल, तर रस्ता खणण्याची परवानगी काढावी लागते, किंवा घरांत मोरीखालीं मीटर बसवावें लागतें. तेथें आंतली झडप गंजून बसलेली असते, तिच्यापुढें कोणी कपाट ठोकलेलें असतें, अथवा एकाच घरांत दोन वाटांनीं पाणी शिरत असतें. आणि चार घरांचा नळ एकच असला म्हणजे मग नवा नळ टाकल्यावांचून गत्यंतर नसतें. खर्च अवाजवी होईल, असें असल्यास कंपनीस नकार देण्याची कायद्यानें मुभा आहे. पण तेवढ्यानें प्रकरण संपत नाहीं. अशा गृहस्थाला अंदाजी आकार मागतां येतो. घरांत माणसें किती, किंवा खोल्या किती, यावरून हा आकार ठरतो, आणि एकट्या राहणाऱ्या मनुष्यासाठीं बहुतेक कंपन्यांनीं निराळा, कमी दर ठेवलेला असतो. नकार पटला नाहीं तर वाद जलविषयक नियंत्रक कचेरीपुढें नेतां येतो.

म्हणून जाणते लोक असा सल्ला देतात कीं, अर्ज लेखी करावा आणि त्याची तारीख जपून ठेवावी. कारण विलंब झाल्यास नवा आकार कोणत्या दिवसापासून धरावा, हा तंटा त्या तारखेवरच सुटतो. पाहणीच्या वेळीं झडपेपुढील सामान हलवून ठेवावें. मीटर मिळणें अशक्य ठरलें, तर तें उत्तर लेखी घेऊन त्याच दिवशीं अंदाजी आकाराची मागणी करावी. कांहीं जण नकार ऐकून गप्प बसतात आणि वर्षानुवर्षें जुनी पट्टी भरीत राहतात. मीटर बसलें त्या दिवशींचा आंकडा स्वतः टिपून ठेवावा. नंतर एके रात्रीं घरांतील सर्व तोट्या बंद करून तबकडी पाहावी. कांटा हलत असेल तर पाणी कोठें तरी गळत आहे. लिव्हरपूलमध्यें डीकननें मोहल्ल्यासाठीं जें केलें, तेंच गृहस्थानें आपल्या घरासाठीं करावयाचें. कारण रस्त्याच्या हद्दीपासून घरापर्यंतचा नळ सामान्यतः घरमालकाचा असतो, आणि मीटर त्यापूर्वीं असलें तर गळणाऱ्या पाण्याचा पैसाही त्याच्याच नांवें पडतो. २०२० सालीं महामारीच्या काळांत परक्या घरांत शिरून करावयाचीं कामें कांहीं काळ थांबलीं, तेव्हां मीटरचे अर्जही सांचून राहिले होते. अशा वेळीं ज्याच्याजवळ आपल्या अर्जाची तारीख होती, त्याला निदान कशावर बोट ठेवावें हें माहीत होतें.

या विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, ही त्यांतील खरी चिंतेची गोष्ट आहे. ज्याचें पाणी कमी आणि घर मोठें, तो मीटर घेऊन जुन्या व्यवस्थेंतून बाहेर पडतो. त्यानें पूर्वीं जास्तीचे जे पैसे भरले, ते आतां कोठून तरी भरून काढावे लागतात. मागें राहतात तीं मोठीं कुटुंबें, आणि ज्यांना आपला हक्क ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून ज्यांचा नळ सामाईक आहे, असे लोक. यांत एकटी राहणारी वृद्ध माणसें आणि जुन्या, लहान, दाटीच्या घरांत राहणारे गरीब लोक पुष्कळ असतात. १८४७ सालीं गरिबाच्या रक्षणासाठीं घातलेला नियम आतां कित्येक गरिबांच्याच गळ्यांत अडकला आहे. डिसेंबर २००९ मध्यें ॲना वॉकर यांच्या समितीनें घरगुती पाणीपट्टीचा जो सविस्तर विचार केला, त्यांत मीटरकडे जाणें हाच अधिक न्याय्य मार्ग होय, पण ज्यांना बिल झेपणार नाहीं त्यांची तजवीज त्याबरोबरच झाली पाहिजे, असा निष्कर्ष काढला.

दरम्यान पाण्याची टंचाई हें निराळें कारण पुढें आलें होतें. २००६ सालीं आग्नेय इंग्लंडांतील फोकस्टन आणि डोव्हर भागांतील कंपनीस, तेथील पाण्याचें दुर्भिक्ष ध्यानांत घेऊन, सर्व घरांना सक्तीनें मीटर बसविण्याची परवानगी सरकारनें प्रथमच दिली. २०१० पासून त्याच दिशेच्या दुसऱ्या एका मोठ्या प्रदेशांत पांच वर्षांत लक्षावधि मीटरें बसलीं; आणि तेथें खप सुमारें सोळा टक्क्यांनीं घटल्याचें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं दाखविलें. आज इंग्लंड आणि वेल्स येथील निम्म्याहून अधिक घरें मीटरवर आहेत. स्कॉटलंडांत मात्र अजूनही बहुतेक घरांची पाणीपट्टी घराच्या मूल्याच्या श्रेणीवर आकारली जाते, आणि उत्तर आयर्लंडांत घरगुती पाण्याचें वेगळें बिलच येत नाहीं. एकाच राज्यांत हे तीन प्रकार सुखानें नांदत आहेत.

मुंबईच्या वाचकांस या इतिहासांत ओळखीच्या खुणा पुष्कळ सांपडतील. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी मुंबईत आलें तें इंग्रजी एंजिनियरांच्या हातून. आणि पाण्याबरोबर पट्टीची इंग्रजी रीतही आली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत घराच्या करयोग्य मूल्यावर पाणीपट्टी घेण्याची, तसेंच तिच्याऐवजीं मापानें आकार घेण्याची, अशा दोन्ही तरतुदी आहेत. परंतु चाळ असो कीं सहकारी गृहसंस्थेची इमारत असो, तेथें मीटर असलें तरी तें बहुधा सर्व इमारतीस मिळून एकच असतें. एकट्या बिऱ्हाडाची घागर आणि दहा माणसांच्या बिऱ्हाडाचा हौद एकाच आंकड्यांत मिसळून जातात, आणि महिन्याच्या सभेंत त्यावरून जो वाद होतो, तो लंडनच्या सामाईक नळाच्या वादाचा सख्खा भाऊ आहे.

तेव्हां या दीर्घ विलंबाबद्दल कोणास दोषी धरावें? आरोग्यसुधारकांना धरतां येत नाहीं; त्यांनीं पटकीच्या दिवसांत गरिबाला पाणी मिळवून दिलें. कंपन्यांचा लोभ आणि घरमालकांची काटकसर हीं होतींच, पण तीं त्या काळच्या व्यवहाराला धरून होतीं. दोष असेल तर तो इतकाच कीं, ज्या कारणासाठीं नियम केला तें कारण मागें पडल्यावरही नियम तसाच राहूं दिला, आणि त्या नियमाच्या भरंवशावर पिढ्यान् पिढ्या नळ पुरले गेले. कायदा पार्लमेंटांत एका दुपारीं बदलतो. जमिनींतील नळ एकेक घर करूनच बदलावे लागतात. मीटरची वाट पाहणाऱ्या त्या विधवेच्या दारांत शेवटीं जेव्हां कामगार येऊन फरशी उचलतात, तेव्हां ते कोण्या एका कंपनीची दिरंगाई निस्तरीत नसतात. पणजोबांच्या काळीं एका घरमालकानें वांचविलेल्या कांहीं हात शिशाच्या नळीची किंमत ते चुकती करीत असतात.